डोळे मिटून ओवलेला दोरा

पाकीट फोडायच्या आधी मी ते खिडकीतल्या उजेडासमोर धरलं. वीस वर्षं रविवारच्या पुरवणीच्या टेबलावर बसून वाचकांच्या पत्रांबद्दल एवढं एक शहाणपण मला आलं आहे, की शिव्यांचं पत्र जाड असतं आणि कौतुकाचं पातळ. हे मधलंच होतं. आतून एका जुन्या मासिकाचं कात्रण निघालं, कडा तपकिरी पडलेलं, घडीवर फाटू नये म्हणून मागून कागदाची पट्टी लावलेलं, आणि त्याच्यासोबत एक पत्र. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. 'गेल्या रविवारी तुमच्या सदरात तुम्ही आईविषयी लिहिलेलं वाचलं. सोबत माझ्या थोरल्या भावाचा लेख पाठवत आहे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी छापून आला होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, आता तो नाही. खूण केलेला परिच्छेद बघावा. माझं वय एकोणऐंशी आहे. रागावून लिहीत नाही. एवढंच विचारायचं आहे की आमच्या आईला तुम्ही कुठे भेटला होतात? भेटला असाल तर मला फोन करा. तिच्याविषयी बोलायला आता कोणी राहिलेलं नाही.' खाली फोन नंबर होता. मी पत्र वाचलं, कात्रण वाचलं, परत पत्र वाचलं. पलीकडे कोणीतरी कोणाला तरी मथळा दोन ओळींत बसत नाही म्हणून सांगत होतं. माझ्या पायांना गार लागलं. टेबलाखाली मी चपला काढून ठेवते, त्या मला पायांनी चाचपडून सापडेनात.

खूण केलेला परिच्छेद असा होता. 'सुईत दोरा ओवताना माझी आई डोळे मिटून घ्यायची. मी विचारलं तर म्हणायची, बघितलं की दोरा लाजतो. मग खोलीत कोणी बोलायचं नाही. तिची बोटं एकमेकांशी काहीतरी ठरवत असल्यासारखी हलायची. आणि ओवून झालं की ती डोळे उघडायची, पण आधी हसायची.' आता माझ्या सदरातलं सांगायची गरज नाही, कारण माझंही हेच होतं. पाच वाक्यं, पाचही तशीच. 'डोळे उघडायची, पण आधी हसायची' हे सुद्धा, ज्याच्यावरून मला सोमवारी सकाळी संपादकांनी खोलीत बोलावून 'हे असं कसं गं सुचतं तुला' म्हटलं होतं आणि मी नम्रपणे मान खाली घातली होती. फरक एवढाच, की चित्रकलेच्या मास्तरांची आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि माझी पलंगाच्या कडेवर.

ऑफिसात मला चाळणी म्हणतात. समोर नाही म्हणत, पण भिंतींनाही कान असतात आणि चाळणीला तर भोकंच भोकं. उचललेलं वाक्य मला वासावरून कळतं, यंत्राची गरज लागत नाही. एखाद्याची भाषा चालता चालता एकदम नवे बूट घातल्यासारखी टाचा वाजवायला लागली की मी थांबते, ती ओळ शोधते, आणि ती कुठेतरी सापडतेच. नियमही मीच करून घेतला होता: उचललेलं सापडलं तर लेख मागे घ्यायचा, त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरात तसं छापायचं, आणि सदर बंद. गेल्या वर्षी सिनेमावर लिहिणाऱ्या दाढीवाल्याला मी असंच पकडलं. चार ओळी होत्या. तो चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "मला खरंच वाटलं हो, ते माझंच आहे." मी म्हटलं, "चोराला पण चार दिवस राहिलं की घर आपलंच वाटतं." सगळे हसले. तोही हसल्यासारखा झाला. त्याने त्याच आठवड्यात राजीनामा दिला, आणि मला त्या दिवशी घरी जाताना आपण बरं बोललो असं वाटत होतं, हे मी आज कबूल करते. बोलायची काही गरज नव्हती. नियम होता, नियमाने काम झालं असतं.

मला जी आई आठवते ती एवढीच आहे. मी साडेपाच वर्षांची असताना ती गेली. फोटो दोन, दोन्हींत ती दुसरीकडे बघते आहे. आवाज आठवत नाही, चाल आठवत नाही, तिने मला उचलून घेतलेलं आठवत नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगत आले, लहान होते मी, पण एक चित्र स्पष्ट आहे. पलंगाची कड, डावीकडून येणारं दुपारचं ऊन, उन्हात तरंगणारे धुळीचे कण, तिच्या गालावर पडलेली खिडकीच्या गजाची सावली, आणि मिटलेले डोळे. बोटं हलतात. कोणी बोलत नाही. मग ती हसते आणि मग डोळे उघडते, पण तिचे डोळे कसे होते ते मला कधी दिसत नाही, तिथे ते चित्र संपतं. पहिली नोकरी लागली, घटस्फोट झाला, बाबा गेले, त्या प्रत्येक वेळी मी त्या खोलीत जाऊन बसले आहे. देवावर माझा फारसा विश्वास नाही, त्यामुळे जाऊन बसायला तेवढीच एक जागा होती. सदर लिहायला लागून अकरा वर्षं झाली, पण ते चित्र मी कधी लिहिलं नव्हतं. जपून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात विषय सुचेना, सगळे खिसे उलटे करून झाले होते, तेव्हा म्हटलं आता हे देऊन टाकू. दोनशेच्या वर पत्रं आली. हे दोनशे कितवंतरी.

संपादकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवून वाचले. त्यांना जवळचं चष्म्याशिवाय चांगलं दिसतं. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, आणि आम्ही एकाच महिन्यात इथे लागलो. ते मला अगं-तुगं करतात, मी त्यांना अहो म्हणते, ते संपादक झाल्यापासून. "दोन आया डोळे मिटून दोरा ओवत होत्या," ते म्हणाले. "त्यात आभाळ कुठे कोसळलं?" मी म्हटलं, "पाच वाक्यं." "लहानपणी वाचलं असशील कुठेतरी. डोक्यात राहिलं. माणसाचं डोकं म्हणजे काय कुलूपबंद कपाट आहे?" मी म्हटलं, "सहा वर्षांच्या मुली असली मासिकं वाचत नाहीत." "मग काय म्हणणं आहे तुझं? तूच सुतावरून स्वर्ग गाठते आहेस. मास्तर गेले, मासिक बंद पडलं, बाई म्हणतात रागावलेली नाही. त्यांना एक छान पत्र लिही. मी पण लिहितो." त्यांचा स्वर खरोखरच मायेचा होता. खोलीतल्या काचेतून सगळी माणसं डोकी खाली घालून काम करताना दिसत होती, आवाज येत नव्हता, फक्त तोंडं हलत होती. मला वाटलं, मी या काचेच्या आत किती वर्षं राहिले. मी म्हटलं, "आणि दाढीवाला?" ते चष्मा खाली ओढून म्हणाले, "त्याने उचललं होतं. तू उचललं नाहीस." "हे तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं. ते दोन दिवस घे म्हणाले.

माझंच मला ठाऊक नव्हतं. त्या रात्रीची गोष्ट सांगत नाही, कारण ती नुसती कूस बदलण्याची आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला ते वाक्य ऐकू आलं. आठवलं म्हणत नाही, ऐकू आलं. 'बघितलं की दोरा लाजतो.' आणि ऐकू आलं ते सपाट आवाजात, किराण्याची यादी वाचावी तसं, शेवटी 'पूर्णविराम' म्हणून. तोंडात फेस तसाच ठेवून मी आरशासमोर उभी राहिले. तो आवाज आत्याचा होता.

माझे बाबा मुद्रितं तपासायचे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून झाले की पहिला कच्चा छाप निघायचा, तो आणि लेखकाचं मूळ हस्तलिखित अशी जुडी घेऊन ते जेवायला घरी यायचे, कारण छापखान्यात यंत्रांच्या आवाजात डोकं चालायचं नाही. आई गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली ती माझ्यासाठी, पण दुपारी तिला बाबांनी कामाला लावलं. ती हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि बाबा छापाच्या कागदावर बोट फिरवत चुका धरायचे. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, असं बाबांचं म्हणणं, म्हणून तिने भाव न आणता वाचायचं अशी सक्त ताकीद. स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, सगळं तिने म्हणायचं. खून असो, कविता असो, खताची जाहिरात असो, सगळं एका चालीत. तिला ती सवय इतकी लागली की स्वयंपाकघरातूनही ती 'पानं वाढली आहेत पूर्णविराम' अशी हाक मारायची आणि बाबांना हसू यायचं. ते हसण्याचे दिवस नव्हते तरी. मला त्या वेळी सक्तीने झोपवलेलं असायचं, त्याच खोलीत, खाली सतरंजीवर. झोप यायचीही आणि नाहीही. डोळे जड व्हायचे, खिडकीतलं ऊन पापण्यांच्या आत लाल दिसायचं, आणि त्या लाल उजेडात आत्याचा आवाज एकसारखा चालू असायचा. राजे मरायचे, भाव पडायचे, कोणी कोणाला सोडून जायचं. त्यातलं कुठलं बाहेरचं आणि कुठलं माझ्या आतलं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. मला वाटायचं जगच असं वाचून दाखवतात.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे, तिच्या मुलाकडे असते. मी दुपारीच गेले. रस्ता पेंगत होता. न्हावी स्वतःच्याच खुर्चीत मान मागे टाकून झोपला होता, औषधाच्या दुकानातली मुलगी काउंटरवर गाल ठेवून रस्त्याकडे बघत होती आणि तिला मी दिसत नव्हते. मला आत्याला विचारायचं होतं ते एकच, आणि चालताना मी त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवत होते. ती म्हणेल, हो गं, तुझी आई तशीच ओवायची. मग दोन आया होतील. दोन आयांनी एकच गंमत केली असेल, जगात होतात असे योगायोग. वाक्यं मास्तरांची, मी ती परत करीन, खुशाल करीन, पण आई माझ्याकडे राहील. एवढंच मला पाहिजे होतं. नोकरी, सदर, नाव, काय जायचं ते जाऊ दे. माणूस स्वतःशी किती लवकर तडजोडीला येतो याचं मला रस्त्यातही नवल वाटलं.

आत्या खिडकीशी बसून रेडिओ ऐकत होती, तो तिने बंद केला नाही, नुसता बारीक केला. "आज कामाच्या वारी कशी काय गं उगवलीस? नोकरी गेली का?" मी म्हटलं, "अजून नाही." मग इकडचं तिकडचं झालं, सुनेच्या गुडघ्यांचं झालं, आणि मी विचारलं, "आत्या, आई सुईत दोरा कशी ओवायची?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मला ताप आहे की काय. "तुझी आई? सुई? अगं, तिला शिवण येतच नव्हतं. सुई बघितली की तिला घाम फुटायचा. लहानपणी पायात सुई मोडली होती तिच्या. बटणंसुद्धा तुझा बाप लावायचा. आम्ही चिडवायचो त्याला." मी म्हटलं, "कधीच नाही? एकदाही?" "अगं घरात सुई नव्हती. मी आले तेव्हा मी आणली." मी कात्रण तिच्या हातात दिलं. ते हातात पडल्यावर तिने ते लांब धरलं, आणि सत्तेचाळीस वर्षांनी आत्या परत त्याच चालीत वाचायला लागली, भाव न आणता, विराम म्हणत. अर्ध्यावर थांबली. "हे मी वाचलंय," ती म्हणाली. "हे मी तीनदा वाचलंय. म्हणून लक्षात आहे. तुझ्या बापाने तीनदा वाचायला लावलं. चूक नव्हती एकही. मी म्हटलंसुद्धा, अरे झालं की, चूक नाहीये. तो म्हणाला, परत वाच. मी वाचलं. म्हणाला, अजून एकदा. मग मी मान वर करून बघितलं नाही. मजकुराकडेच बघितलं."

रेडिओवर कोणीतरी गात होतं. मी सतरंजीवर होते, तेव्हा, पापण्यांच्या आतल्या लाल उजेडात, आणि आई जाऊन दोन-तीनच महिने झाले होते. आत्याच्या आवाजात एक बाई 'माझी आई' म्हणून आली, परत आली, तिसऱ्यांदा आली. दुसरी कोणी येत नव्हती. मी तिला ठेवून घेतलं. खोली आमची होती, पलंग आमचा होता, ऊन आणि गजाची सावली आमची होती, तेवढं सगळं मी खरंच बघितलेलं होतं, आणि त्यात एक परकी बाई नेऊन बसवली. याला चोरी म्हणायचं का? मी आत्याला विचारलं नाही, पण ती माझा हात धरून बसली होती आणि तिला काहीतरी कळलं असावं, कारण ती म्हणाली, "तुझी आई कशी होती सांगू? मोठ्याने हसायची. शेजारचे भिंत वाजवायचे इतकी. पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली की पत्ते उधळून द्यायची. तू झालीस तेव्हा—" मी ऐकत होते. चांगली बाई होती, मला आवडली असती. पण ती आत्याच्या डोळ्यांसमोर होती, माझ्या नव्हती. मी डोळे मिटून तिला हसताना बघायचा प्रयत्न केला, तर चेहरा त्या दुसरीचाच आला, आणि तोही आता पलंगावरून उठायला लागला होता. हेही उसनंच, मला वाटलं. आणखी दहा वर्षांनी मी हे पण माझंच म्हणून लिहीन. मी आत्याला म्हटलं, "पुरे आत्या, आता नको सांगूस." तिला वाईट वाटलं. मला तिची माफी मागता आली नाही.

घरी आल्यावर मी फोन लावला. तीन वेळा नंबर अर्धा फिरवून ठेवून दिला होता, तो चौथ्यांदा पुरा केला. बाईंचा आवाज पत्रातल्या अक्षरासारखाच वर चढत जाणारा होता. मी कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "थांबा हं, खुर्ची घेते," आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग, "हं, सांगा. कुठे भेटला होतात?" असं त्यांनी इतक्या उत्सुकतेने विचारलं की मला फोन ठेवून द्यावासा वाटला. मी सगळं सांगितलं. बाबा, मुद्रितं, आत्या, सतरंजी. मी वकिलासारखं बोलत होते, हे माझं मलाच ऐकू येत होतं. शेवटी म्हटलं, मी त्यांना भेटले नव्हते. तुमच्या भावाचे शब्द मी माझे म्हणून छापले. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तिला दिसत नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "पूर्ण आंधळी नव्हती. पण चाळिशीतच दोन्ही डोळे गेल्यासारखे झाले होते. सुईचं नेढं कुठलं दिसायला! डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय. आम्हाला कळू नये म्हणून ती मिटायची आणि दोरा लाजतो म्हणायची. आम्ही लहान होतो, आम्हाला गंमत वाटायची. गप्प बसायचो. कधी कधी अर्धा अर्धा तास लागायचा तिला. बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडले होते. अण्णाला, म्हणजे माझ्या भावाला, हे सगळं ठाऊक होतं, मोठं झाल्यावर आम्हाला दोघांनाही कळलं. पण त्याने लेखात ते लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, छान दिसत नाही ते. लोकांना तो परिच्छेद फार आवडला होता. त्यावरून आम्ही वर्षभर बोललो नाही." मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तुमचं वाचलं तेव्हा मला वाटलं, या बाई तिला कुठेतरी भेटल्या असतील. भेटल्या असतील तर जवळून बघितलं असेल. मग त्यांना ठाऊक असेल. हे ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कोणी नाही आता." मी म्हटलं, "मला क्षमा करा. मी तसं छापणार आहे, तुमच्या भावाच्या नावासकट." बाई म्हणाल्या, "क्षमेचं काय, ती तुम्ही छापाल, आणि वाचणारे वाचतील. पण छापणारच असाल तर तिला दिसत नव्हतं ते छापा. आमच्या घरातून एकदा ते लपवलं, तुम्ही ते लपवलेलंच उचलून नेलंत. आता तेवढं नीट करा." त्यांच्या आवाजात अजूनही राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोलू शकले असते.

मी तशीच बसून राहिले. संध्याकाळचा उजेड भिंतीवरून उतरत गेला. मला दिसत होतं ते आता वेगळं होतं: मिटलेले डोळे, टोचलेली बोटं, आणि तोंडावर ते हसू, जे आधी यायचं, डोळ्यांच्या आधी, कारण मुलं बघत होती. आयुष्यभर मी त्या बाईच्या लपवाछपवीत जाऊन शांत बसत आले. तिला त्या वेळी किती दुखत असेल हे मला एकदाही दिसलं नाही. बघितलेलं असतं तर दिसलं असतं. दाढीवाल्याला मी म्हटलं होतं ते आठवलं, आणि लाज वाटली. दुसऱ्याच्या घरात मी चार दिवस कुठली, सत्तेचाळीस वर्षं राहिले, आणि तिथली मालकीण आंधळी आहे एवढंही मला कळलं नाही. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बोला मॅडम," आणि मी बोलले. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "माझ्या चार ओळी कुठून आल्या ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं, नशीबवान आहात." त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं की खरंच म्हटलं, मी विचारलं नाही. मला विचारायचा अधिकार नव्हता.

मजकूर लिहायला मला दोन दिवस लागले, एरवी सदर दोन तासांत होतं. लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी मी थांबत होते, हे कोणाचं, हे कुठून आलं. अर्धं पान झालं. चित्रकलेच्या मास्तरांचं नाव, त्यांच्या लेखाचं नाव, मासिकाचं नाव, वर्ष. पाचही वाक्यं त्यांची. मग त्यांच्या बहिणीने सांगितलेलं, तिच्याच शब्दांत आणि तिचे म्हणून: तिला दिसत नव्हतं. मग दाढीवाल्याविषयी दोन ओळी, मी काय म्हटलं होतं ते आणि ते म्हणायला नको होतं ते. मग सदर बंद होत असल्याचं. कागद संपला असं वाटलं आणि मी खुर्ची मागे सारली, पण उठले नाही. मास्तरांची आई मास्तरांना दिली. आत्याची वहिनी आत्याकडे ठेवून आले होते. पलंगाच्या कडेवर आता कोणी नव्हतं, ऊन होतं, धूळ होती, गजाची सावली नुसत्या चादरीवर पडली होती. मला रडू आलं. साडेपाचव्या वर्षी मी रडले नव्हते, सगळे मला शहाणी म्हणायचे, पोर किती शहाणी आहे, आईची आठवण काढत नाही. आता त्रेपन्नाव्या वर्षी मी टेबलावर डोकं ठेवून पोरकी झाल्यासारखी रडले, आणि नाक पुसून शेवटी एक ओळ लिहिली.

संपादकांनी कागद काचेच्या खोलीत उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला. "अर्धं पान," ते म्हणाले. "त्याच जागी, त्याच अक्षरात," मी म्हटलं. "नियम आहे." त्यांनी मान हलवली. मग पेन काढलं आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हे काढू या. खुलाशात हे कशाला? बाकी सगळं सांगून झालंय की. वाचणाऱ्याला याच्याशी काय करायचंय?" पेनाखाली लिहिलं होतं, 'माझी आई मला आठवत नाही.' मी म्हटलं, "बाकीचं हवं तेवढं कापा. ते राहू द्या. तेवढंच माझं आहे."